एकास चोवीस

घरी आलेला पाहुणा काचेच्या कपाटातल्या छोट्या गाड्यांपाशी थबकला की पुढचे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "ही चालते का ओ?" आणि नाही म्हटलं की दुसरा, "मग केवढ्याला पडली?" पहिल्याचं उत्तर ऐकून माणूस हिरमुसतो. दुसऱ्याचं ऐकून त्याला माझी, त्याहून जास्त माझ्या बायकोची, कीव येते. म्हणून हल्ली मी दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी चहाचं बघायला आत जातो.

चालत नाहीत हे खरं. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे सुटे भाग चौकटीला जोडलेले मिळतात, त्याला किट म्हणतात. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे आणि जोडून त्यातून वीतभराच्या आतली गाडी उभी करायची, एवढाच हा उद्योग. जोडायला पाण्यासारखं पातळ सिमेंट येतं. दोन भाग हातानं जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं. थेंब फटीत आपसूक ओढला जातो, दोन्हीकडचं प्लॅस्टिक जरासं विरघळवतो आणि उडून जातो. मागं सांधा राहत नाही, सलग तुकडा राहतो. हे बघायलाच मी कितीदा तरी नको तिथं सिमेंट लावलेलं आहे. काचांना मात्र हे चालत नाही, आणि फेव्हिक्विक तर नाहीच. त्याच्या वाफेनं काच पांढरी पडते. तिथं आपला शाळकरी फेव्हिकॉल. वाळला की दिसतही नाही.

माझ्या बहुतेक गाड्या १:२४ च्या आहेत. म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट इथं अर्धा इंच. हिशोब एवढा सोपा आहे की बघणाऱ्याला वाटतं, सगळं गणित पाळलं की गाडी हुबेहूब होणारच. मलाही हे माप फार सोवळं वाटायचं. मग एकेका मापाची जन्मकथा कळत गेली आणि सोवळं सुटलं. १:४३ आलं आगगाडीमागून. ब्रिटनमधल्या खेळण्यातल्या रेल्वेत एका फुटाला सात मिलिमीटर धरत, त्या रुळांशेजारी शोभतील अशा मोटारी निघाल्या आणि हा अवघडलेला आकडा जगभर रुजला. मॅचबॉक्सच्या गाड्या १९५३ पासूनच्या. त्यांना धड एक मापच नव्हतं. काडेपेटीसारख्या खोक्यात मावली पाहिजे एवढीच अट, त्यामुळं रोडरोलर आणि बस दोघंही तेवढेच! रणगाड्यांचं १:३५ तर त्याहून मजेशीर. जपानच्या तामिया कंपनीनं पँथर रणगाडा काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटरीचे सेल बसायला हवे होते. सेल बसतील एवढा रणगाडा केला, नंतर मोजला, तो साधारण पस्तिसावा हिस्सा भरला. आज लोक त्या पस्तिसाव्या हिश्शाच्या बिनचूकपणावरून एकमेकांशी हातघाईवर येतात.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण म्हणजे शेजारच्या काकांची मारुती ८००.

परदेशी गाड्यांची किटं मागवता येतात. आपल्या गाड्यांचं तसं नाही. १९८३ ते २०१४ एवढी वर्षं आपल्याकडं तयार झालेली, अर्ध्या महाराष्ट्रानं जिच्यावर ड्रायव्हिंग शिकलं ती मारुती १:२४ च्या किटमध्ये निदान माझ्या तरी पाहण्यात आली नाही. म्हणजे प्लॅस्टिकचे कोरे शीट कापून, फटींत पुट्टी भरून, घासायचा वॉटर पेपर मारून ती स्वतःच घडवायची. त्यासाठी मापं पाहिजेत. आमच्या सांगलीच्या गावभागातल्या बोळात काकांची पांढरी मारुती उभी असते. मी टेप घेऊन तिच्याभोवती उकिडवा फिरत होतो तेव्हा काका पायरीवर आले.

"आरटीओत लागलास काय रे?"

कारण सांगितलं. काकांनी ते पटल्यासारखा चेहरा केला नाही, पण टेपचं दुसरं टोक धरलं. लांबी ३३३५ मिलिमीटर, म्हणजे माझी गाडी १३९. रुंदी १४४०, तिला चोविसानं भागलं की बरोबर साठ. असा निःशेष भागाकार आला की उगाच शुभशकुन झाल्यासारखं वाटतं. तामियाच्या शुन्साकु तामियांना सत्तरीच्या दशकात पोर्शेचं मॉडेल करायचं होतं. मापांचं काही केल्या समाधान होईना, तेव्हा त्यांनी चक्क एक पोर्शे ९११ विकत घेतली आणि कारखान्यात आणून सगळी खोलली. मी ही गोष्ट काकांना मोठ्या उत्साहानं सांगितली. तेव्हापासून काही दिवस त्यांनी गाडीची किल्ली खिशातून बाहेर काढली नाही.

तर मापं मिळाली. आणि मापं मिळूनही गाडी होत नाही, ह्याचंच मला जास्त अप्रूप आहे. चोविसानं भागलेलं सगळं चोवीस पटीनंच लहान होतं असं नाही. वजन घ्या. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चोविसानं घटल्या तर वजन घटतं १३,८२४ पटीनं. साडेसहाशे किलोच्या आसपासची मारुती चाळीस-पन्नास ग्रॅमवर येते. एवढ्याशा वजनानं टायर दबत नाही, त्यामुळं मॉडेल रस्त्यावर बसत नाही, नुसतं टेकलेलं राहतं, आणि ते का खोटं वाटतंय हे चटकन कळतही नाही. त्यावर उपाय म्हणजे चारी टायरांची बुडं वॉटर पेपरवर हलकेच घासून सपाट करायची. माप बिघडतं, पण गाडी खाली बसते.

काचेचंही तेच. एक मिलिमीटर जाडीचं पारदर्शक प्लॅस्टिक लावलं तर ती चोवीस मिलिमीटरची काच झाली. एवढी जाड काच मंत्र्यांच्या गाडीला असेल, काकांच्या नसते. मग कडा आतून तासायच्या, म्हणजे जिथं नजर जाते तिथं ती पातळ दिसते. खऱ्या गाडीवरचा रंग असतो साधारण शंभर मायक्रॉन. त्याचा चोविसावा हिस्सा जेमतेम चार. प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट मिळून एवढ्यात भागवणं कोणाच्या बापाला जमायचं नाही, त्यामुळं दाराच्या फटी रंगानं बुजतात. मिरज रोडच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्यानं मला मोठ्या मनानं खऱ्या गाडीचा उरलेला सिल्व्हर बाटलीतून दिला होता. त्यातला चकचकीत कण खऱ्या गाडीवर भुकटीसारखा दिसतो, मॉडेलवर तोच लग्नातल्या टिकल्यांसारखा उठतो. चकाकीला चोविसानं भागता येत नाही. सावलीलाही नाही. खऱ्या दाराच्या फटीत खोली असते म्हणून तिथं अंधार असतो. आमच्या फटीत खोली कुठली? तिथं पातळ केलेला रंग सोडून अंधार भरावा लागतो, आणि तोही काळा नाही, करडा-तपकिरी. टायरसुद्धा काळे रंगवायचे नाहीत. काळाकुट्ट टायर म्हणजे खेळणं.

ह्यात फसवणूक आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगलीत राहून असं बोलू नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं नाटक उभं केलं, तेव्हापासून ह्या गावाला हा प्रकार ठाऊक आहे. रंगपटात बघितलं तर नटाच्या भुवया कोळशानं ओढलेल्या, गालावर लाली थापलेली, चेहरा भयानक. तोच नट शेवटच्या रांगेतून देखणा दिसतो. मॉडेल एका फुटावरून बघणं म्हणजे खरी गाडी चोवीस फुटांवरून बघणं. चोवीस फुटांवरून जे डोळ्याला दिसतं तेवढंच करायचं, आणि जे दिसायला हवं पण लहान झाल्यामुळं दिसेनासं होतंय, ते थोडं ठळक काढायचं. रंगभूषाकार हेच करतो.

काही ठिकाणी मात्र गणित असं चपखल बसतं की हात जोडावेत. इंजिनाच्या प्लगची वायर सात-आठ मिलिमीटर जाड असते. तिचा चोविसावा हिस्सा म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या जवळपास. बाहेरदेशी त्यासाठी खास पुड्या विकतात. आपल्याकडं उसाला पाणी पाजणाऱ्या मोटरी जळतात तोवर काळजी नाही. कुठल्याही रिवायंडिंगच्या दुकानात जा. ३० गेजची तांब्याची तार ०.३१५ मिलिमीटरची असते. गुणून बघा, साडेसात मिलिमीटर भरते.

"किती किलो?" दुकानदारानं विचारलं.

"वीतभर."

"वीतभर? मोटर कुठली हाय?"

"मारुतीची."

त्यानं काही न बोलता जमिनीवरचे तुकडे दाखवले, हवे तेवढे घे म्हणून. ती तार चिमट्यात धरून, रंगवून, टाचणीनं पाडलेल्या भोकात बसवायची. एक टोक बसलं की दुसरं उसळून बाहेर येतं. दुसरं बसवलं की बॉनेट लागत नाही. आणि बॉनेट लागलं की हे सगळं कायमचं झाकलं जातं. झाकलं जाणार हे माहीत असूनही तीन वायरी बरोबर त्यांच्या त्यांच्या जागी जातात की नाही ते मी भिंग लावून बघतो. तीनच, कारण मारुतीचं इंजिन तीन सिलिंडरचं. इथं चोवीस फुटांचा नियम कुठं गेला, असं कोणी विचारू नये.

नंबर प्लेट हे माझं आणखी एक खूळ. चारचाकीच्या अक्षरांची उंची नियमानं ६५ मिलिमीटर आणि रेषेची जाडी १०. आमच्याकडं उंची २.७ आणि रेष ०.४. एमएच १० एवढं जरी नीट वाचता आलं तरी गाडी सांगलीची होते. नाहीतर तीच गाडी जगातल्या कुठल्याही गावची. डिकॅल पेपरवर लेझर प्रिंट काढून आणायची, कोमट पाण्यात बुडवायची, कागद सुटा झाला की कापसाच्या काडीनं प्लेटवर सरकवायची. त्यानंतर मागच्या काचेवर देवीचं नाव, डॅशबोर्डवर गणपती आणि बंपरला लिंबू-मिरची. लिंबाला मोहरीचा दाणा पिवळा रंगवून चालतो. धुळीसाठी हळद वापरावी असं ह्या गावात कोणालाही सुचेल, पण वापरू नये. हळदीचा रंग उन्हात उडतो. खडूची भुकटी बरी.

रंगाचं काम पावसाळ्यात बंद. दमट हवेत लॅकर मारला की थिनर झपाट्यानं उडतो, पृष्ठभाग थंड पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि चकचकीत रंगावर पांढुरकं सावट येतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी पेपरात छापून यायला लागली की मी रंग फवारायचा एअरब्रश धुऊन ठेवतो. २०१९ च्या महापुरात घरातल्या धान्याआधी किटची खोकी माळ्यावर गेली, ह्याबद्दल मी अजून ऐकून घेतो आहे. काकांची मारुती पुराची नुसती कुणकुण लागली तरी विश्रामबागेत मेहुण्यांच्या दारात जाऊन उभी राहते.

हे सगळं करताना एका बाबतीत मी नम्र आहे. आपल्या भागातल्या गावागावात पोरं पुठ्ठा, फोमशीट आणि सनबोर्डची एसटी करतात. लाल रंग, पाटी, आत सीट, पुढं पेटणारे दिवे. त्यांच्याकडं ना किट असतं ना पातळ सिमेंट, आणि माप म्हणाल तर नजरेचं. त्यातल्या एखाद्या बसचं नाक असं नेमकं जमलेलं असतं की माझ्या अर्ध्या कपाटानं मान खाली घालावी. देवराष्ट्र्याच्या एका गृहस्थांनी तर भंगारातून चालती जीपच केली, आणि आनंद महिंद्रांनी ती ठेवून घेऊन त्यांना बोलेरो दिली. 'ही चालते का' ह्या प्रश्नाला तोंड वर करून उत्तर देणारा आमच्या जिल्ह्यात निदान एक जण आहे.

मारुती आकाराला आली तेव्हा काकांना दाखवली. त्यांनी ती तळहातावर घेतली, चष्मा कपाळावर चढवला, फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाले, "पोचा कुठाय?"

मागच्या डाव्या दाराला पोचा आहे. गणपती पेठेत गाडी मागं घेताना हातगाडी लागली होती, त्याला बरीच वर्षं झाली. मी त्यांना चोवीस फुटांचं गणित समजावलं. एवढ्या लांबून तो पोचा दिसतच नाही, म्हणून केला नाही.

"मला दिसतो की," काका म्हणाले.

मग दार आतून घासून पातळ केलं, चमच्याचं बूड तापवून बाहेरून हलकेच दाबलं. काका शेजारी बसून "जरा खाली, हां, मागं, मागं" करत होते, गाडी पार्किंगला लावत असल्यासारखे. पोचा जमला. आता त्यांना वर कॅरिअर पाहिजे. ते त्यांनी स्वतःच कधीचं काढून विकलेलं आहे, पण "पंढरपूरला जाताना होतं" म्हणतात, त्यामुळं हवंच. पाइप पाऊण इंची होता, म्हणजे १९ मिलिमीटर. २२ गेजची तार घेतली तर १७ भरते, २१ ची घेतली तर साडेएकोणीस. काकांना विचारून मग दुकानात जाईन.