दोन वायरी फिरव

प्रोसेसर, रॅम, मदरबोर्ड बसवायला पाऊण तास लागला. वायरी जोडण्यात मात्र आख्खा रविवार गेला.

लेकीला कॉलेजसाठी डेस्कटॉप हवा होता आणि तो घरीच जुळवायचा हट्ट माझा. लातुरातल्या आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर सगळा पसारा मांडला. नाना खुर्चीत पाय वर घेऊन बघत बसले. त्यांनी तीस-पस्तीस वर्षं मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवलं. व्होल्टेज पडलं की खेड्यापाड्यांतल्या जळक्या मोटारी आमच्या दारात यायच्या, आणि त्या वासावर आमचं घर चाललं. एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, निघालेला वायरींचा गुंता हातात घेऊन ते म्हणाले, "सगळ्या काळ्याच? मग वळखावं कसं माणसानं?"

प्रश्न रास्त होता. त्यांचा सगळा जन्म लाल, पिवळा, निळा या तीन फेजांत गेला. जुन्या एसएमपीएसमध्येही रंग असायचे: पिवळी 12 व्होल्टची, लाल 5 ची, नारिंगी 3.3 ची, आणि काळी म्हणजे ग्राउंड. आता दिसायला बरं म्हणून सगळ्यांना एकच काळा रंग. मी म्हटलं, "नाना, ओळखायची गरजच नाही, उलटं बसतच नाही." मदरबोर्डचा 24 पिनांचा मोठा कनेक्टर त्यांच्या हातात दिला. त्याची काही भोकं चौकोनी, काहींचे कोपरे तासलेले, बाजूला एक खिटी. नानांनी मुद्दाम उलटा धरून दाबून बघितला. नाही बसला. सुलटा केल्यावर 'टक्' वाजलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. ती मान हलवणं म्हणजे त्यांच्याकडचं मोठं सर्टिफिकेट.

हाल झाले ते बारक्या वायरींचे. पॉवरचं बटण, रिसेटचं बटण आणि समोरचे दोन दिवे यांच्या वायरी कॅबिनेटमधून, म्हणजे बाहेरच्या खोक्यातून, येतात त्या शिवणाच्या दोऱ्याएवढ्या. त्या ज्यांवर बसवायच्या त्या पिना मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात: दोन रांगांत नऊ, दहावीची जागा रिकामी. शेजारची अक्षरं मुंगीएवढी. तोंडात मोबाइलची बॅटरी, हातात लेकीच्या मेकअपच्या डब्यातला चिमटा, आणि चष्मा नाकावरून घसरलेला. इथं खाच नाही, खिटी नाही. काहीही कुठंही बसतं. जिथून आख्ख्या यंत्राला जाग यायची, तिथंच बनवणाऱ्यांनी हात आखडता घेतलाय.

बटण दाबलं. पंखे फिरले, पण मॉनिटर काळाठिक्कर. तासाभरानं सापडलं: प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वायर वरच्या कोपऱ्यात नुसती टेकवलेली होती, टक् झालंच नव्हतं. बोर्ड बसवण्याआधीच ती मागून ओढून घ्यायची असते. मी आधी बोर्ड आवळला, त्यावर प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर चढवला, आणि मग तिथं बोट जाईना. शेवटी लेकीचं बोट गेलं.

आता स्क्रीन लागली, पण समोरचा पॉवरचा दिवा काही पेटेना. लेक म्हणाली, "बाबा, राहू द्या, दिव्यावाचून काय अडलंय?" नाना खुर्चीतून म्हणाले, "दोन वायरी फिरव."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. तीन फेजची मोटार उलटी फिरली की कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, मोटार सुलटी. पण हा तर चिमुकला एलईडी. मग डोक्यात आलं, बटणाला सुलटं-उलटं नसतं, त्याला फक्त दोन टोकं जुळवायची असतात. एलईडीतून मात्र वीज एकाच दिशेनं जाते. उलटा जोडला तर बिघडत नाही, नुसता गप्प बसतो. मशीन बंद केलं, दोन वायरी फिरवल्या, परत चालू केलं. निळा दिवा लागला.

"अर्थिंग हाय ना भिंतीतल्या बोर्डाला?" नानांनी लगेच पुढचं विचारलं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं, तेव्हा अर्थिंगच्या मीठ-कोळशाच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओतायची कुणाची छाती नव्हती, आणि तो खड्डा सुकला की अर्थिंग नीट चालत नाही. आमचा जुना कॅबिनेट तेव्हा बोट लावलं की झिणझिण्या आणायचा. नाना भांडी धुतलेलं पाणी गाळून तिकडं नेत.

मी होय म्हटलं. तरी ते उठले, मोरीतून बादली घेतली आणि मागच्या दारानं बाहेर गेले.