मराठा पलटणींची वंशावळ : १९२२चा सांधा जुळला

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तक्त्यातला १९०३ ते १९२२ हा पट्टा या आठवड्यात शाईने पक्का केला.

हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेचा सरसेनापती किचनेर याने १९०३ मध्ये मुंबई इलाख्यातल्या या पलटणींच्या (बटालियनच्या) आकड्यांत शंभर मिळवले. ३ची १०३ झाली, ५ची १०५, १०ची ११०. तशाच ११४, ११६ आणि ११७. तोवर प्रत्येक पलटण स्वतंत्र. १९२२ मध्ये सहाही जणी ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत आल्या. तेव्हापासून २/५ असं लिहायची पद्धत पडली : आधी पलटणीचा आकडा, मग रेजिमेंटचा. सगळ्यात जुनी १०३, म्हणजे १७६८ची ‘जंगी पलटण’, तिला मानाने १/५ मिळाला. ११४ला मात्र १०/५ देऊन रंगरूट घडवायला बसवलं. चारच वर्षांपूर्वी मेसोपोटेमियात शर्कतला पराक्रम गाजवलेल्या पलटणीला हे काम यावं, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

माझा सगळ्यात लाडका रकाना १०५चा. ५, १०५, २/५ आणि आता नुसती २. इतके आकडे पालटले, तरी जवानांच्या तोंडी ती ‘काली पांचवी’च. पाचवा नंबर आणि लाल कोटाची काळी कॉलर व बाह्या, त्यावरून पडलेलं हे नाव. १८४०चा बलुचिस्तानातला काहूनचा वेढा याच पलटणीने झेलला. तो रकाना मी मुद्दाम काळ्या शाईने भरलाय.

नवीन मंडळींसाठी : रेजिमेंट हे कूळ, लढते ती पलटण. साधारण आठशे माणसं, चार रायफल कंपन्या, कंपनीत तीन प्लाटून, प्लाटूनमध्ये तीन सेक्शन. ब्रिगेडमध्ये तीन पलटणी असतात, पण बहुधा वेगवेगळ्या रेजिमेंटच्या. त्यामुळे अख्खी मराठा रेजिमेंट एका मैदानात शोधत बसू नका.

आजच्या यादीत ३ आणि २१ मराठा का नाहीत, तेही तक्त्यात आता दिसतं. ११०ची ३/५ झाली, पुढे छत्रीधारी होऊन १९५२ मध्ये २ पॅरा, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण. १९७१च्या युद्धात आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला छत्र्यांनी उतरली ती हीच. २१ मराठा १९९६ मध्ये २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली. या दोन्ही रेघा तुटक काढल्यात.

आता कोल्हापूर, बडोदा आणि हैदराबाद संस्थानांच्या फौजांतून आलेल्या पलटणी घेतोय. मग राष्ट्रीय रायफल्स (आरआर), म्हणजे काश्मिरात दहशतवाद्यांशी लढणारं सैन्याचं दल. तिथे सुरुवात ४१ आरआरपासून : साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक मूळचे २१ पॅराचे, आणि २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले ते ४१ आरआरचे कमांडिंग ऑफिसर असताना.