पागोळीपासून सुरू झालेली आमची वाटचाल

लग्नाचे फोटो काढणं हा आमचा मूळ धंदा. रत्नागिरीकडे पाऊस लागला की चार महिने मुहूर्त नाहीत, म्हणजे काम नाही. अशाच एका आषाढात पडवीत बसून पागोळ्यांचे फोटो काढायला लागलो. कौलावरून सुटलेला थेंब अंगणातल्या खळग्यात आपटला की क्षणभर पाण्याचा मुकुट उभा राहतो. मला तो पकडायचा होता, आणि दर वेळी येत होता नुसता पांढरा फराटा.

वाटलं, कॅमेरा कमी पडतोय. पतसंस्थेत कर्जाची चौकशीही करून आलो. पण गोम प्रकाशात होती. हातभर उंचीवरून, म्हणजे 40 सेंटिमीटरवरून पडलेला थेंब पाण्याला टेकताना सेकंदाला सुमारे 2.8 मीटर वेगात असतो. शटर 1/200 सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो 14 मिलिमीटर सरकतो. फ्लॅशची पॉवर मात्र 1/32 वर उतरवली की त्याचा झोत सेकंदाच्या साधारण पंधरा-वीस हजाराव्या भागापुरताच राहतो, आणि थेंब जागच्या जागी थिजतो. खोलीत अंधार असला की फोटो खरा फ्लॅशच काढतो. अमेरिकेत एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टन यांनी दुधाच्या थेंबाचा तो प्रसिद्ध मुकुट 1957 साली अशाच क्षणिक झोतात टिपला होता.

कर्ज घेतलं नाही. दोन जुने फ्लॅश घेतले, माजघराला काळे पडदे लावले, मेडिकलमधून सलाइनचा सेट आणला. त्याची चाकी फिरवून थेंब सोडायचा, खाली आजीची पितळी परात काठोकाठ भरलेली. थेंब पडतो तिथे खिळा धरून फोकस करायचा आणि मग लेन्सला हात लावायचा नाही.

पुढे हाव वाढली. थेंब पडून खड्डा झाला की त्यातून पाण्याचा खांब वर येतो. त्याच्या टोकावर दुसरा थेंब बरोबर बसला तर छत्री उघडते. हे हाताने जमेना. आयटीआयला असलेल्या भाच्याने आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर, थेंब सोडणारा व्हॉल्व्ह जोडून दिला, मिलिसेकंदांत वेळ लावता येईल असा. पहिली छत्री रात्री दोनला मिळाली. आईला उठवून दाखवली.

पहिलं पैशाचं काम बचत गटाच्या ताईंचं, कोकम सरबताच्या फोटोंचं. मागून अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे दुधी रंगाच्या प्लास्टिकच्या, तक्त्यातून प्रकाश दिला आणि सरबत माणकासारखं पेटलं. आमरसाने मात्र दमवलं. तो इतका दाट की मुकुट येतच नाही, पातळ करावा तर रंग जातो. शेवटी थेंब सोडून दिला, हापूसची फोड टाकली आणि उडालेला रस टिपला. शिंतोडे संगणकावर चिकटवून द्या, असं अनेकजण सांगतात. आम्ही देत नाही. गिऱ्हाइकाच्या बाटलीत जे आहे तेच उडतं.

मधे एका मोठ्या गिऱ्हाइकाने फोटो वापरले आणि पैसे बुडवले. तेव्हापासून निम्मी रक्कम आधी घेतो. त्याच पावसाळ्यात अगदी जवळून फोटो काढायच्या मॅक्रो लेन्सला बुरशी लागली; आता लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात असतात.

सध्या शहाळ्याच्या पाण्यावर काम चालू आहे. रंग नसल्याने थेंबाची कड हरवते, म्हणून मागच्या उजेडाला दोन्ही बाजूंनी काळे पुठ्ठे लावून ती उठवतोय. परात तीच आहे.