कंप्युटरवर ग्रुपवर्क तपासायचंय? आधी चॅटची परमिशन घ्या (माझा अनुभव)

मी इंदूरला नववीला गणित शिकवते. मुलं मिळून प्रश्न कसा सोडवतात हे लॅबमधे कंप्युटरवर तपासायचं होतं. कोडं पटकन तयार झालं, मेलबर्न युनिव्हर्सिटीच्या एटीसी२१एस (एकविसाव्या शतकातली कौशल्यं शिकवायच्या, तपासायच्या) प्रोजेक्टमधल्या तेलाच्या कोड्याच्या धर्तीवर: एकाकडे ३ लिटरची बरणी, दुसऱ्याकडे ५ ची, मोजायचंय ४ लिटर, आणि एकाला दुसऱ्याची स्क्रीन दिसत नाही. जोड्या, लॉगिन, सगळं झालं.

अडलं चॅटपाशी. लॅबमधे चॅट ब्लॉक! ऑफिसमधे गेले तर, "मैडम, परीक्षा में बातें थोड़ी करते हैं." अहो पण इथे बोलणंच तर तपासायचंय! फॉर्मवर दोनच खाने, परीक्षा नाहीतर प्रॅक्टिकल. परीक्षेवर टिक केली की चॅट बंद, प्रॅक्टिकलवर केली तर मार्क धरत नाहीत, आणि टिक नसेल तर फॉर्म पुढे सरकतच नाही. साहेब मीटिंगमधे, साहेब जेवायला, साहेब उद्या. अजून आठवलं की डोकं तापतं.

शेवटी मी पिसा २०१५ चा (पिसा म्हणजे ओईसीडीची आंतरराष्ट्रीय शालेय चाचणी) तक्ताच छापून नेला. तिथे ५२ देश-प्रदेशांत १५ वर्षांच्या मुलांची हीच, मिळून प्रश्न सोडवायची परीक्षा झालेली, मिळून काम करायची ३ कौशल्यं गुणिले प्रश्न सोडवायच्या ४ पायऱ्या, म्हणजे १२ चौकटी, आणि तीही चॅटवरच. फक्त तिथे समोर खरा मुलगा नसतो, प्रोग्राम असतो आणि मुलं तयार वाक्यांतून उत्तर निवडतात, त्यामुळे जोडीदार चांगला की वाईट हा प्रश्नच येत नाही. शिवाय आमचं मूडल (ज्यावर हे कोडं आणि चॅट चालतं ते सॉफ्टवेअर) लॅबच्याच सर्व्हरवर आहे, बाहेरचं इंटरनेट लागत नाही, हे लिहून दिलं तेव्हा कुठे सही झाली. तुम्ही हे दोन्ही कागद पहिल्याच दिवशी जोडा.

हो, आणि जोडीदारांना लांब बसवा, नाहीतर तोंडीच बोलतात आणि लॉगमधे, म्हणजे चॅटच्या नोंदीत, काहीच येत नाही. रोमनमधे टाइप करू द्या, देवनागरीत अर्धा वेळ अक्षरं शोधण्यात जातो.

लॉग वाचताना मात्र सगळ्या त्रासाचं चीज झालं. गणितात कायम पुढे असणारा एक मुलगा सुरुवातीपासून नुसता "५ वाला भर", "अब खाली कर" असे हुकूम सोडत होता. आणि वर्गात कधी हात वर न करणाऱ्या मुलीचा पहिलाच मेसेज, "तेरी स्क्रीन पे क्या दिख रहा है?" तक्त्यातली पहिली चौकट हीच, जोडीदाराला काय माहीत आहे ते काढून घेणं. लेखी पेपरात हे मला कधीच दिसलं नसतं, तिला पूर्ण मार्क दिले.