निकालाआधीची वही

बाबांच्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही मी केली होती. दोन डॉक्टरांची दोन मतं होती. एक म्हणत होते, लगेच करून टाका. दुसरे म्हणत होते, महिनाभर औषधांवर बघू. दादा फोनवर होता आणि त्याचा कल थांबण्याकडे होता. आई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तू ठरव." मी ठरवलं. ऑपरेशन नीट झालं, पण अकराव्या दिवशी जंतुसंसर्ग झाला आणि बाबा घरी परत आलेच नाहीत.

दादा नंतर एकदाच बोलला, "थांबायला हवं होतं गं." त्याच्या आवाजात राग नव्हता. तरी ते वाक्य सहा वर्षं माझ्या मनातून हललं नाही. त्या काळात मी काही ठरवायचंच सोडून दिलं होतं. मुलीने कोणती शाखा घ्यावी, मी नोकरी बदलावी का, सगळ्यावर माझं उत्तर ठरलेलं: "तुम्ही म्हणाल तसं." आणि त्याच काळात मी विचार कसा करावा, निर्णय कसे घ्यावेत यावरची पुस्तकं वाचू लागले. एकोणीस वाचली. त्यातली सात देऊन टाकली आहेत.

दिलेली सातही यशस्वी माणसांबद्दलची होती. ते पहाटे उठतात, जोखीम घेतात, मनाचा कौल ऐकतात, म्हणून यशस्वी होतात, असं त्यांत लिहिलेलं. ही पुस्तकं मला का पटेनात ते अब्राहम वाल्ड यांच्याबद्दल वाचल्यावर उमगलं. वाल्ड संख्याशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात ते कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधन गटात होते आणि लढाऊ विमानांना कुठे मार लागतो याचा अभ्यास करत होते. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा कुठे आहेत ते मोजता येत होतं. पण जी परतलीच नाहीत त्यांना कुठे गोळी लागली, हे त्या मोजणीत येत नव्हतं, आणि खरी नाजूक जागा तीच. पहाटे उठून, जोखीम घेऊन, मनाचा कौल ऐकून बुडालेली माणसंही असणारच. त्यांच्यावर पुस्तक कोणी लिहीत नाही.

मला खऱ्या अर्थाने हलवलं ते अ‍ॅनी ड्यूक यांच्या २०१८ च्या 'थिंकिंग इन बेट्स'ने. ड्यूक व्यावसायिक पोकर खेळायच्या, त्याआधी मानसशास्त्रात संशोधन करत होत्या. त्या लोकांना सांगतात की गेल्या वर्षातला तुमचा सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट निर्णय आठवा. लोक जवळजवळ नेहमीच सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट परिणाम सांगतात. मी वर्षाची अट न पाळता आयुष्यभरातले दोन लिहिले. वाईट: बाबांचं ऑपरेशन. चांगला: आमचं घर.

मग घराकडे नीट बघितलं. ते आम्ही एकाच भेटीत पसंत केलं होतं. खिडकीतून येणारा उजेड मला आवडला, बस. कागदपत्रं वकिलाला दाखवली नाहीत, शेजाऱ्यांशी बोललो नाही. पुढे सगळं सुरळीत झालं म्हणून घरचे अजूनही माझ्या नजरेचं कौतुक करतात. तो निर्णय वाईट होता. नशीब चांगलं होतं. हे कागदावर उतरवताना माझा हात थांबला, कारण मग दुसरी बाजूही मानावी लागणार होती. ऑपरेशनचा परिणाम वाईट होता, एवढ्यावरून निर्णय वाईट ठरत नव्हता. पण तो चांगला होता, हे तरी मला कुठून कळणार? आठवणीवर विसंबून?

आठवणीवर विसंबता येत नाही, हे बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांच्या १९७५ च्या अभ्यासात फार स्पष्ट दिसतं. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यांवर जाणार होते. काय काय घडू शकेल याची यादी करून या दोघांनी विद्यार्थ्यांना आधीच विचारून ठेवलं की प्रत्येक गोष्टीची शक्यता तुम्हाला किती वाटते. दौरे झाल्यावर त्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा तुम्ही किती आकडा दिला होता ते आठवा. जे घडलं होतं, त्याला आपण आधीपासूनच मोठा आकडा दिला होता असं बऱ्याच जणांना आठवत होतं. कोणी खोटं बोलत नव्हतं. निकाल कळला आणि मागची आठवण त्याच्याकडे झुकली. दादाला "थांबायला हवं होतं" हे आधीपासून ठाऊक असल्यासारखं वाटत होतं, आणि मलाही मी डोळे मिटून सही केल्यासारखं वाटत होतं. आम्ही दोघंही त्याच जागी अडकलो होतो.

मी बाबांची फाईल काढली. एकच नियम ठेवला: ऑपरेशनच्या तारखेआधीचाच कागद हातात घ्यायचा. तपासण्यांचे रिपोर्ट, दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि आईची औषधांच्या वेळा लिहायची छोटी वही. थांबा म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत खाली एक ओळ होती, जी मी पार विसरले होते: त्रास वाढल्यास शस्त्रक्रिया लांबवू नये. आणि आईच्या वहीत, ऑपरेशनच्या तीन दिवस आधीच्या पानावर: "रात्री दोनदा धाप. उशीला टेकून बसले." म्हणजे त्रास वाढला होता. आम्ही उगाच घाई केली नव्हती.

फाईलमध्ये माझी चूकही सापडली. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी मी एका पाकिटामागे केली होती, आणि तिच्यात ऑपरेशननंतरच्या संसर्गाबद्दल एकही प्रश्न नव्हता. विचारला असता तरी निर्णय बहुधा तोच राहिला असता. पण प्रश्न राहून गेला होता, हे खरं. मी सगळ्या कागदांचे फोटो दादाला पाठवले. रात्री त्याचा फोन आला. बराच वेळ तो गप्प होता, मग म्हणाला, "आईची वही मी कधी पाहिलीच नव्हती."

दुसऱ्या दिवशी मी नवी वही घेतली. तिला आता सात वर्षं झाली, अठ्ठावन्न नोंदी आहेत. काय ठरवायचं आहे, कोणते पर्याय समोर आहेत, आज काय माहीत आहे, काय माहीत नाही, आदल्या रात्री झोप झाली का, काय होईल असं वाटतं आणि त्याची खात्री किती टक्के. शेवटी पडताळणीची तारीख. नोंद निकालाआधी करायची आणि नंतर त्यातला शब्दही बदलायचा नाही.

या वहीशिवाय डॅनियल कानेमन यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' माझ्या फारसं उपयोगी पडलं नसतं, असं मला वाटतं. २०११ चं हे पुस्तक, अडतीस प्रकरणांचं. मी दर रविवारी एकच वाचायचे. या विषयावरचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर हे वाचा, पण सावकाश. झटकन उत्तर देणारं मन आणि कष्टाने हिशेब करणारं मन यांतला फरक मी मुलीला शेन फ्रेडरिक यांच्या २००५ च्या एका कोड्यावरून दाखवला. तळ्यातली कमळाची पानं रोज दुप्पट होतात. अठ्ठेचाळीस दिवसांत तळं भरतं, तर अर्धं तळं किती दिवसांत भरेल? तिच्या तोंडून आधी चोवीस आलं, मग ती थांबली आणि म्हणाली, "थांब, सत्तेचाळीस." ते पहिलं चोवीस आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतं.

पण कानेमन शेवटी जे सांगतात ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. इतकी वर्षं अभ्यास करूनही त्यांचं स्वतःचं झटपट मन पूर्वीइतकंच फाजील आत्मविश्वासाने चुकत राहिलं, अशी त्यांची कबुली आहे. २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस हे लिहितो! २०१७ मध्ये त्यांनी हेही जाहीरपणे मान्य केलं की पुस्तकाच्या एका प्रकरणात त्यांनी लहान नमुन्यांवरच्या, कमकुवत प्रयोगांवर नको तितका विश्वास टाकला होता. माझा त्यांच्यावरचा विश्वास त्यामुळे वाढला. आणि वाचून मन सुधारत नसेल तर मनाबाहेर काहीतरी ठेवायला हवं, हेही पटलं.

त्यांचा एक अनुभव मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. निर्णयशास्त्राचंच पाठ्यपुस्तक तयार करणाऱ्या एका गटात ते होते. काम साधारण दोन वर्षांत संपेल असा सगळ्यांचा अंदाज होता. गटातल्या एका जाणकाराला विचारलं, अशा इतर गटांना किती काळ लागला? तो म्हणाला, सात ते दहा वर्षं, आणि जवळजवळ चाळीस टक्के गटांचं काम कधी पुरंच झालं नाही. तरी त्यांनी काम चालूच ठेवलं. पुस्तक आठ वर्षांनी झालं. मी अनुवादाची कामं करते. पूर्वी हातातल्या पुस्तकाची पानं मोजून मुदत सांगायचे आणि दर वेळी चुकायचे. आता आधी वही उघडते, अशाच जाडीच्या मागच्या तीन पुस्तकांना किती दिवस लागले ते बघते आणि तोच आकडा सांगते.

नोकरी सोडून अनुवाद पूर्ण वेळ करायचं ठरवताना गॅरी क्लाइन यांची एक रीत वापरली. क्लाइन यांनी अग्निशमन दलातल्या अनुभवी माणसांचे निर्णय जवळून अभ्यासले आहेत. २००७ च्या एका लेखात त्यांनी मांडलेली ही रीत साधी आहे: बेत फसलेला आहे असं धरून चाला आणि का फसला ते लिहा. काय फसू शकेल असं विचारलं की माणसं भिडेपोटी गप्प बसतात. फसलंच आहे म्हटलं की मोकळेपणाने लिहितात. मी आणि नवरा वेगवेगळ्या खोल्यांत बसलो. माझ्या कागदावर कामं मिळाली नाहीत, पैसे वेळेवर आले नाहीत, असंच सगळं. त्याच्या कागदावर पहिलीच ओळ होती: "दिवसभर घरात एकटी राहून ती कोमेजली." हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. आठवड्यातले दोन दिवस ग्रंथालयात बसून काम करायचं, हे तिथेच ठरलं आणि ते आजही चालू आहे.

टक्क्यांचा हिशेबही एकदा केला. ज्या नोंदींत मी नव्वद टक्के खात्री लिहिली होती अशा बावीस होत्या. त्यांतल्या चौदाच तशा घडल्या. चुकलेल्या आठपैकी सहा माणसांबद्दलच्या होत्या: कोण काय म्हणेल, कोण नाराज होईल, कोण मदत करेल. माणसांबद्दल मला वाटतं तितकं कळत नाही, हे मला एकाही पुस्तकात सापडलं नसतं. तेव्हापासून मी त्या माणसाला सरळ विचारते.

एकोणसाठावी नोंद या आठवड्यात सुरू झाली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं का? आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. या वेळी मी वही तिच्यासमोर ठेवली आणि दादाला व्हिडिओ कॉलवर घेतलं. 'आज काय माहीत आहे'च्या खाली आईने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "जिना उतरताना कठडा सोडवत नाही. रात्री कूस बदलताना जाग येते." मग तिने पान उलटून डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी काढली आणि माझ्या प्रश्नांच्या वर, पहिल्या ओळीत लिहिलं: "संसर्गाचं विचारणे."

दादाने साठ टक्के सांगितले, मी पासष्ट. आईने आमचे आकडे न बघता ऐंशी लिहिले. पडताळणीची तारीख तिनेच टाकली, सहा महिन्यांनंतरची.