कोल्हापुरात घर घेताय? आधी एक पावसाळा भाड्यानं राहा

पुण्या-मुंबईहून कोल्हापूरला कायमचं यायचं ठरवलेल्या माणसाची पहिली चौकशी दराची असते. राजारामपुरीत काय भाव, ताराबाई पार्कात काय, आर. के. नगरला काय. दर एका दिवसात कळतो. जागा कळायला जून ते सप्टेंबर जावे लागतात. म्हणून आमचा सल्ला असा, की मे अखेरीला अकरा महिन्यांचा भाडेकरार करा, सामान निम्मंच आणा आणि खरेदीचं दसऱ्यानंतर बघा. चार महिन्यांच्या भाड्यात जे कळतं ते कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

यायला कारणं भरपूर आहेत. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दुचाकीवर अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. 1962 पासूनचं शिवाजी विद्यापीठ आहे, सीपीआरसारखं मोठं सरकारी रुग्णालय आहे. कामधंद्याला उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसी आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचं काम त्याच्याकडं आहे, त्यामुळं वकील आणि पक्षकारांना राहायला जागा लागणारच. पण ज्याला दर आठवड्याला पुण्याच्या ऑफिसात हजेरी लावायचीय, त्यानं सुमारे 230 किलोमीटरचं अंतर आधी दोन महिने काढून बघावं. ते अंगावर येतं.

आता पाण्याचं. कोल्हापुरात घराची किंमत चौरस फुटात सांगतात, पण घराची लायकी राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटात मोजावी. कसबा बावड्याजवळच्या या बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फूट झाली की इशारा, 43 फूट झाली की धोका. 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. त्याआधी 2005 चा पूर. तेव्हा हे पन्नास वर्षांतनं एकदा येणारं संकट समजून घर घेऊ नका.

पाणी फक्त नदीकाठालाच येतं असं समजणारे फसतात. नदी फुगली की जयंती, दुधाळी अशा नाल्यांचं पाणी नदीत उतरत नाही, मागं दाबलं जातं आणि नाल्याच्या कडेनं वस्तीत शिरतं. शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, दुधाळी, नागाळा पार्कचा सखल भाग हे सगळं यातच येतं. शिवाय पुढं नृसिंहवाडीला कृष्णाही भरून वाहत असली, की पंचगंगेचं पाणी ओसरायला दिवस लागतात. पाऊस थांबला तरी पाणी हलत नाही, ते यामुळं.

म्हणून जागा बघायला गेलात की दलालाला सोडून शेजारच्या किराणा दुकानात विचारा, ‘एकवीसला पाणी कुठंवर आलेलं?’ लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. मग इमारतीत चार गोष्टी बघा. विजेचे मीटर आणि पॅनेल किती उंचीवर आहेत. लिफ्टचा खड्डा ओला आहे का, त्यात चिखलाची रेघ आहे का. पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी कुठं आहे, झाकण जोत्याच्या वर आहे का. पार्किंग रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे का. तळमजल्याच्या लाकडी चौकटी काढून सगळीकडं एकाच वेळी नव्या बसवल्या असतील, तर त्याचं कारण उघड आहे.

‘आम्ही चौथ्या मजल्यावर आहोत’ या बोलण्यात अर्धंच तथ्य आहे. फ्लॅट कोरडा राहतो, पण मीटर बुडाले की वीज जाते, वीज गेली की मोटर बंद, आणि टाकीत पुराचं गढूळ पाणी मिसळलं की पुढं कितीतरी दिवस टँकर. घरात म्हातारी माणसं असतील तर हा हिशोब वेगळा धरा.

कागदावर दोन पूररेषा महत्त्वाच्या आहेत. निळी रेषा साधारण 25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये बांधकामाला मनाई, दोन रेषांच्या मध्ये लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंचीवर बांधायच्या अटीनं परवानगी मिळू शकते. आपला गट नंबर कुठल्या पट्ट्यात येतो ते नगररचना विभागातनं झोन दाखल्यासोबत लेखी घ्या. तोंडी ‘लाल रेषेच्या बाहेर आहे ओ’ यावर संचकार, म्हणजे इसाराची रक्कम, देऊ नका.

नोकरी नदीच्या कुठल्या बाजूला आहे तेही बघा. शिरोली नदीच्या पलीकडं, गोकुळ शिरगाव आणि कागल अलीकडं दक्षिणेला. 2019 आणि 2021 ला शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. कागलला कामाला जाणाऱ्यानं उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी या बाजूला घर घेतलं तर पुरातही कामाची वाट तुटायची शक्यता कमी. पन्हाळा रोडला आंबेवाडी, चिखलीकडं स्वस्तात प्लॉट मिळतो, पण नदी चढली की शिवाजी पुलापलीकडचा रस्ता बंद.

उंचावरच्या भागांचा प्रश्न उलटा असतो. तिथं पूर नाही, पण नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वेळ येतं हे विचारावं लागतं. काळम्मावाडी धरणाहून थेट पाईपलाईनचं पाणी नोव्हेंबर 2023 मध्ये पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं, तरी आपल्या गल्लीत किती दाबानं येतं हे उन्हाळ्यात सकाळी उठूनच कळतं. शहराची हद्द कुठं संपते तेही बघून घ्या. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगावकडं बिल्डर पत्त्यात ‘कोल्हापूर’ लिहितो, पण ग्रामपंचायत हद्दीत पाणी आणि ड्रेनेज महापालिकेचं असेलच असं नाही. ड्रेनेज लाईन नसेल तर सेप्टिक टँक कुठं आहे आणि तो उपसायला गाडी आत येते का, ते बघा.

कागदपत्रं. जुन्या शहरात मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असतं, वॉर्ड ए ते ई. उपनगरात रि. स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर आणि सातबारा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना पहिल्यांदा वाचा. सेवा सोसायटीचा बोजा, कूळ, पुनर्वसनाचा शेरा सगळं तिथंच असतं. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन, असेल तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. कोल्हापूर संस्थानचा मुलूख असल्यानं वतनी (गावकामाच्या मोबदल्यात दिलेल्या) आणि देवस्थान इनामाच्या (देवळाला दिलेल्या) जमिनी इथं बऱ्याच आहेत. देवस्थान इनाम शेरा दिसला तर तो प्लॉट तिथंच सोडा, कितीही स्वस्त असला तरी. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हा कर आकारणीचा दाखला आहे, मालकीचा पुरावा म्हणून धरू नका. आणि सामाईक सातबाऱ्यातला ‘एक गुंठा तुमचा’, म्हणजे 1089 चौरस फूट, घेतला तरी हिस्से पडलेले नसतील तर बांधकाम परवाना आणि कर्ज दोन्ही अडतं. वकिलाकडनं मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, यात काटकसर नको.

इथल्या बऱ्याच इमारती लहान. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर महारेराची, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची नाही. तिथं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आणि मंजूर नकाशा स्वतःच मागून टेपनं खोल्या मोजाव्या. बिल्डर ‘सेलेबल’ 1000 फूट सांगतो. त्यात 35 टक्के लोडिंग, म्हणजे जिना-लॉबीसारख्या सामाईक जागेची भर, असेल तर कार्पेट, म्हणजे घरातली वापरायची जागा, 740 च्या आसपास भरतं. रेराच्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी 10 टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत.

पैशाचं गणित एकदा कागदावर मांडा. बांधकाम चालू असलेला, 90 चौरस मीटर कार्पेटच्या आतला फ्लॅट 45 लाखांपर्यंत असेल तर जीएसटी 1 टक्का, म्हणजे 45 हजार. तोच 46 लाखांना गेला की 5 टक्के, म्हणजे 2 लाख 30 हजार. पार्किंगचे पैसे याच रकमेत मोजतात, ते वेगळे लावून कुणी 45 च्या वर नेलं तर फटका तुम्हाला. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के, खरेदी फक्त बाईच्या नावानं असेल तर 1 टक्का कमी. नोंदणी फी 1 टक्का, पण 30 हजारांपर्यंतच. 45 लाखांच्या घराला बँक 80 टक्के देते. म्हणजे आपले 9 लाख, वर शुल्क 2 लाख 70 हजार, नोंदणी 30 हजार, जीएसटी 45 हजार. रोख 12 लाख 45 हजार हातात हवेत, फर्निचर सोडून.

बघायला जायचं तर मुसळधार पावसात जा. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर आपटतो, तिथला गिलावा आणि खिडकीखालचा कोपरा हातानं चाचपा. काळ्या मातीवर उभ्या घरात उन्हाळ्यात भिंतीला तिरप्या भेगा दिसतात आणि पावसाळ्यात त्या मिटतात, कारण माती फुगते नि आकसते. पाया मुरमापर्यंत नेलाय का, हे बांधणाऱ्या इंजिनिअरला विचारा.

खरेदीपत्र झालं म्हणून थांबू नका. महापालिकेत घरफाळ्याला नाव लावा, सिटी सर्व्हेत किंवा तलाठ्याकडं फेरफार नोंदवा, पाणीपट्टी आणि महावितरणचं बिल नावावर करा, आणि आधीच्या मालकाकडनं घरफाळा थकबाकी नसल्याचा दाखला पैसे पूर्ण देण्याआधी घ्या. नंतर मागितला तर थकबाकी तुमच्या दारात येते.