शेतांची हजेरी

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाचा मेळावा दर वर्षी संक्रांतीच्या मागच्या-पुढच्या रविवारी भरतो. ही वेळ उगाच निवडलेली नाही. 13 जानेवारी हा प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचा जन्मदिवस, आणि 16 व 17 जानेवारी हे 1984 सालच्या गोळीबाराचे दिवस. उरणकडच्या जासई आणि न्हावा-शेवा परिसरात जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण हुतात्मा झाले. आमचं गाव ठाणे-बेलापूर पट्टीतलं, उरणहून बरंच लांब. पण ज्या नवी मुंबई शहरासाठी त्यांच्या जमिनी गेल्या त्याच शहरासाठी आमच्या गेल्या, आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्या आंदोलनाच्या जोरावर. हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून मेळावा सुरू होतो तो दोन मिनिटं उभं राहून.

मग दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, वर्षाचा अहवाल. हिशेब छापून वाटत नाहीत, फळ्यावर खडूनं लिहून ठेवतात आणि ज्याला विचारायचं त्यानं तिथंच विचारायचं. त्यात दरसाल थोडी गरमागरमी होते. तो भाग मी सोडते.

मी या गावची माहेरवाशीण. लग्न होऊन ठाण्याला गेले, तिथंच राहते. सुरुवातीला मेळाव्याची पत्रिका फक्त भावांना यायची. मुलीही याच शाळेत शिकल्या, याच फळ्यावर बाराखडी गिरवल्या, मग त्यांना बोलावणं का नाही, हा प्रश्न आम्ही चौघीजणींनी सभेत उभं राहून विचारला. तेव्हापासून पत्रिका आम्हालाही येते, आणि मी कार्यकारिणीवर आहे. हे सांगते आहे कारण पुढं जे लिहिणार आहे त्याचा या गोष्टीशी संबंध आहे.

मेळाव्यात मला जे दर वेळी हलवून जातं त्याला आम्ही शेतांची हजेरी म्हणतो. कल्पना आमच्या निवृत्त गुरुजींची. ते म्हणाले होते, ‘पोरांची हजेरी आयुष्यभर घेतली, आता एकदा शेतांची घेऊ.’ शाळेच्या ओसरीत रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे, आमच्या वेळची घंटा. शाळा जिल्हा परिषदेची होती, नंतर महापालिकेची झाली, इमारत नवी उठली, विजेची घंटा आली. पण तो तुकडा काढायचा नाही असं गावानं बजावलं होतं. जमलेल्यांतली सगळ्यांत वयस्क व्यक्ती त्यावर लोखंडी दांड्यानं तीन टोल देते आणि हजेरी सुरू होते.

खालच्या आळीतल्या आजी ती घेतात. हातात कागद नसतो. गावदेवीच्या देवळापासून त्या निघतात, म्हणजे बोलत निघतात. वेस, वेशीवरचा पिंपळ, होळीचा माळ, मग उतार, मग शेतं एकेक करून. जांभळीचं. देवीचा तुकडा. खांडीखालचं. म्हाताऱ्याचा बांध. उघाडीवरचं. नाव घेतलं की ज्या घराचं ते शेत असेल त्या घरातल्या कुणीतरी मोठ्यानं ‘हाय!’ म्हणायचं. मग आजी पुढं जातात. खाजणाच्या कडेनं मिठागरापर्यंत, आणि मिठागरावरून खाडीपर्यंत.

मध्येच त्या थांबतात. ‘इकरं खांड गेली व्हती,’ असं म्हणतात आणि सांगतात की उधाणाच्या रात्री बांध फुटला, तेव्हा त्यांच्या वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी कंदिलाच्या उजेडात चिखलाचे गोळे टाकून तो बुजवला. खारं पाणी एकदा आत शिरलं की ते शेत हातचं जायचं. ज्यांनी उघाडी पाहिलेली नाही अशी मुलं समोर बसलेली असतात, म्हणून गुरुजी समजावतात: उघाडी म्हणजे बांधातलं दार, ओहोटीला ते उघडतं, शेतातलं गोडं पाणी खाडीत जातं, भरती आली की पाण्याच्या जोरानंच दार बंद होतं, खाडी आत येत नाही. मग कुणीतरी राता भाताचा विषय काढतो, खाऱ्या जमिनीत तग धरणारं ते लाल भात. चिंबोऱ्या, निवट्या, बोईट, जिताडा अशा खाडीतल्या मासळीची नावं निघतात आणि पाच मिनिटं सगळे एकदम बोलतात. अध्यक्षांना ते आवडत नाही, वेळ जातो म्हणतात. मला वाटतं मेळाव्यातली हीच पाच मिनिटं खरी.

बाहेरून येणाऱ्याला वाटेल की इथली नावं तर टिकली आहेत. ठाण्याहून वाशी-तुर्भ्याकडं जाणारी लोकल 2004 साली सुरू झाली, तिच्या स्थानकांच्या पाट्यांवर ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही गावांचीच नावं आहेत. पण गावाच्या आतली नावं कुठल्याच पाटीवर नाहीत. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, 17 मार्च 1970 ला हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, सिडको, स्थापन झाली, 95 गावांच्या जमिनी या शहरासाठी ठरल्या. 1973 साली वाशीचा खाडीपूल झाला. नकाशावर सेक्टरांना आकडे पडले. जांभळीचं शेत आज एका सेक्टरात आहे, तिथं चार इमारती आणि एक बँक आहे. राहणारे लोक चांगले आहेत, त्यांचा यात काही दोष नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका तरुण पोरानं, तो सर्वेक्षणाचं काम करतो, जुने सातबारे गोळा करायला घेतले. नमुना सातवर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो. आम्ही सगळ्यांनी सातबारा आयुष्यभर हाताळला, पण लक्ष कायम भोगवटादाराच्या नावाकडं आणि क्षेत्राकडं. त्यानं त्या रकान्यातली नावं उतरवून काढली आणि आजींच्या हजेरीशी ताडून पाहिली. बरीच जुळली. काही सातबाऱ्यांवर रकाना कोराच होता, आणि ती नावं फक्त आजींच्या तोंडी होती. काही नावं कागदावर होती, पण आजींच्या हजेरीत नव्हती. त्यातलं एक त्यानं वाचून दाखवलं तेव्हा मागच्या रांगेतून कोपऱ्यातल्या घरच्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, ‘आमचं ते.’ त्या बोलत नाहीत फारशा. त्या दिवशी त्यांनी त्या शेतातल्या विहिरीचा, आंब्याचा, सासऱ्यांचा सगळा इतिहास सांगितला.

हजेरीत शेतांची नावं सांगणाऱ्यांत बायका जास्त असतात. मी दर वर्षी पाहते. वारसनोंदीत भावांची नावं लागली, हक्कसोडपत्रावर आम्ही बहिणींनी सह्या केल्या. पण दुपारची भाकर डोक्यावर घेऊन बांधाबांधानं जायचो आम्हीच. कुठला बांध निसरडा, कुठं साप निघतो, कुठल्या शेतात कुणाची आजी पान खायला बसायची, हे आमच्या पायांना पाठ आहे. मंडळाच्या अहवालात हे कधी लिहिलं जात नाही, म्हणून इथं लिहिते.

गेल्या मेळाव्याला पाहुणे म्हणून नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एका गावचे बुजुर्ग आले होते. त्यांनी भाषण लिहून आणलं होतं, ते बाजूला ठेवलं आणि हजेरी ऐकल्यावर त्यांनीही आपली दहा गावं ओळीनं म्हटली: तरघर, कोंबडभुजे, उलवे, गणेशपुरी, वरचे ओवळे, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, वाघिवली, वाघिवलीवाडा. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला, आता तिथून विमानं उडतात. ‘तुमचं गावठाण तरी जाग्यावर आहे,’ ते म्हणाले, ‘देवी जाग्यावर आहे. आम्ही देवीला उचलून नेली तेव्हा वाटेत तिला कुठं ठेवायचं तेच कळेना.’ आमच्या मंडळातले लोक जमिनीच्या भावावर तासन्‌तास बोलू शकतात, पण त्या क्षणी सगळे गप्प होते. विमानतळाला दिबांचं नाव मिळावं म्हणून 10 जून 2021 ला जी मानवी साखळी झाली, तीत आमच्या गावातले कितीतरी जण उभे होते. त्या दिवशी मला त्या मागणीचं महत्त्व पटलं होतंच, पण या गृहस्थांना ऐकल्यावर ते हाडात उतरलं.

शेवटी धवलारीण धवला म्हणते. आगऱ्यांच्या लग्नात अजूनही ती लागते, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. मेळाव्यात ती गावदेवीला, खाडीला, पूर्वजांना आमंत्रण देणारी गाणी घेते. तिच्या मागं आम्ही सगळ्या. यावर मी जास्त लिहू शकत नाही, माझा आवाज तिथं दर वेळी फुटतो.

आता उपस्थितीबद्दल. हे मला बोलायलाच हवं. खारघरला, पनवेलला, अगदी पुण्याला राहायला गेलेले लोक सकाळी नऊला हजर असतात, आणि गावातच, शाळेच्या भिंतीला लागून ज्यांच्या इमारती आहेत ते जेवणाच्या पंगतीला उगवतात. हजेरी सुरू असताना पटांगणाबाहेर उभं राहून प्लॉटच्या गोष्टी करणारे आहेत. गेल्या वेळी आजींनी ‘उघाडीवरचं’ असं म्हटलं आणि कुणीच ‘हाय’ म्हटलं नाही. त्या घरची चार माणसं त्या वेळी बाहेर चहाच्या टेबलापाशी होती. आजींनी नाव पुन्हा घेतलं, वाट पाहिली, मग स्वतःच हलक्या आवाजात ‘हाय’ म्हणून पुढं गेल्या. मला याचा फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

ज्यांनी हात लावला त्यांची आठवण ठेवायलाच हवी. मंडप घालून देणारा आमच्याच वर्गातला, त्यानं भाडं घेतलं नाही. ध्वनिक्षेपक वरच्या आळीतल्या भजनी मंडळाचा. खुर्च्या गणेशोत्सव मंडळाच्या, त्या धुवून देणारी नववीतली मुलं. तांदळाच्या भाकऱ्या भाजायला पहाटे चारला उठलेल्या सात जावा-नणंदा, आणि वालाचं बिरडं करणाऱ्या दोघी वहिनी. संध्याकाळच्या पोपटीसाठी भांबुर्डीचा पाला पनवेलच्या पलीकडून आणणारे मामा; मडकी आणणारे त्यांचे मेव्हणे; शेंगा, ओवा, मीठ भरून मडकं उलटं मांडणारे आणि जाळ सांभाळणारे दोघे भाऊ, जे दिवसभर एकमेकांशी बोलत नाहीत पण पोपटी एकत्र लावतात. आजींना घरून खुर्चीवर बसवून आणणारी त्यांची नात. रांगोळी काढणाऱ्या मुली. शाळेच्या शिपाईभाऊंनी सुट्टी असून कुलूप उघडलं आणि रात्री झाडूनही काढलं. मुख्याध्यापक बाईंनी परवानगीचा कागद एका दिवसात दिला. फोटो काढणारा, तोच जेवण वाढायलाही होता. धवलारणीला रिक्षानं आणून सोडणारे काका, आणि तिच्यासोबत मागं गाणाऱ्या तिच्या दोन सुना. फळ्यावर हिशेब लिहिणारे खजिनदार, ज्यांना सगळ्यात जास्त बोलणी खावी लागतात.

आजींचं वय झालं आहे, म्हणून या वर्षीपासून हजेरीचं ध्वनिमुद्रण करायचं ठरलं आहे, आणि वरच्या आळीची नावं अजून अर्धीच लिहून झाली आहेत. ज्यांच्या घरात जुना सातबारा किंवा फेरफाराचा कागद असेल त्यांनी छायाप्रत सर्वेक्षणवाल्या पोराकडं द्यावी, मूळ कागद देऊ नये. आणि जे शाळेच्या भिंतीला लागून राहतात त्यांनी येत्या जानेवारीत साडेनऊच्या आत पटांगणात यावं. टोल पडल्यावर चहाचं टेबल बंद ठेवायचं, असा ठराव मी कार्यकारिणीत मांडला आहे आणि तो मंजूर झाला आहे.